जन्मतःच हिरडीवर गाठ

"बाळाच्या तोंडातून काहीतरी लोंबतंय. कॅन्सर तर नाही ना?"

प्रसूतिगृहाच्या दाराशी हा प्रश्न बहुतेक वेळा आजी विचारते, नाहीतर मावशी. आई अजून आतच असते. बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलेलं असतं आणि चेहरा पाहायला वाकलेल्या माणसांना दोन ओठांच्या मधे गुलाबी, गुळगुळीत मांसाचा गोळा दिसतो. बाळ रडतंय, हातपाय झाडतंय, अंगाचा रंग चांगला आहे, पण तोंड मिटत नाही. तेवढ्या वेळात घरातल्या प्रत्येकाच्या मनात नको तो शब्द येऊन गेलेला असतो.

उत्तर आधीच सांगायला हवं. जन्मतः हिरडीवर दिसणाऱ्या गाठी बहुतांश साध्या असतात, म्हणजे त्या शरीरात इतरत्र पसरत नाहीत. या प्रकरणात मुख्यतः जिच्याविषयी बोलायचं आहे, ती दुर्मीळ गाठ तर जन्मानंतर वाढायचीच थांबते. पण नुसतं "काळजी करू नका" म्हणून कुणाची काळजी मिटत नाही. गाठ कसली आहे, ती काय करते, काय करत नाही आणि पहिल्या काही तासांत घरच्यांनी कशाकडे पाहायचं, हे कळलं तरच पाय जमिनीवर राहतात.

१. रिकामं दिसणारं तोंड

नवजात बाळाचं तोंड दात नसल्यामुळे रिकामं वाटतं. खरं तर त्या इवल्याशा हिरड्यांमध्ये वीस दुधाच्या दातांचे अंकुर आधीपासून बसलेले असतात. चांगल्या उजेडात बाळ जांभई देत असताना नीट पाहिलं, तर हिरडीच्या कडेवर आडव्या उथळ खाचा दिसतात. दोन खाचांच्या मधल्या प्रत्येक फुगीर भागाखाली एकेक अंकुर असतो. ही तयारी फार लवकर सुरू होते. गर्भ सहाएक आठवड्यांचा असतानाच जबड्याच्या कडेने पेशींची एक पट्टी तयार होते आणि तिच्यातून दातांचे अंकुर फुटतात. काम झालं की ती पट्टी विरघळून जाते.

सगळीच विरघळते असं नाही. उरलेल्या पेशींची एक-दोन मिलिमीटरची पांढरी दाणेदार पुटकुळी हिरडीच्या कडेवर राहते. तिच्यात केरॅटिन नावाचं प्रथिन भरलेलं असतं. आपले केस आणि नखं याच प्रथिनाची बनलेली असतात. असेच दाणे तोंडाच्या छताला, म्हणजे टाळूला, अगदी मधोमध दिसतात. त्यांचं कारण थोडं वेगळं आहे. टाळू दोन बाजूंनी येऊन मध्ये जुळते आणि त्या जोडात काही पेशी अडकून राहतात. प्रागमधले बालरोगतज्ज्ञ आलोइस एप्स्टाइन यांनी 1880 मध्ये या दाण्यांचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर त्यांना 'एप्स्टाइनचे मोती' म्हणतात. हिरडीच्या बाजूच्या उतारावर दिसणारे दाणे हाइनरिश बोन यांच्या नावाने ओळखले जातात.

हे दाणे इतके सर्रास आढळतात की निम्म्याहून जास्त नवजात बाळांच्या तोंडात शोधले तर सापडतील. त्यांना औषध नाही आणि औषध लागतही नाही. काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, ते आपोआप फुटून नाहीसे होतात. अडचण होते ती आपल्याच हातून. दुधाचा थर समजून कुणी ओल्या फडक्याने घासतं, कुणी 'दात अडकलाय' म्हणून नखाने टोकरतं. बाळाची हिरडी फार नाजूक असते. तिला जखम झाली की दूध ओढणं दुखरं होतं आणि जंतूंना वाट मिळते.

२. दात घेऊनच आलेलं बाळ

काही बाळं खरोखरच दात घेऊन जन्मतात. दोन ते तीन हजार जन्मांत साधारण एक. फ्रान्सचा राजा चौदावा लुई 1638 मध्ये दोन दातांसह जन्मला होता. तुलसीदासांच्या जन्मकथेत तर ते बत्तीस दातांसह आले असं सांगतात. आपल्याकडे वरचा दात आधी दिसला की 'मामाला जड' असं म्हणतात आणि बारशाआधीच घरात कुजबुज सुरू होते. मामाच्या आयुष्याशी या दाताचा काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो बाळाच्या श्वासनलिकेशी.

असे दात बहुतेक वेळा खालच्या जबड्यात पुढे मधोमध असतात आणि दहातले नऊ हे नेहमीचे दुधाचेच दात असतात, फक्त वेळेआधी आलेले. त्यांना मूळ पुरतं फुटलेलं नसतं, म्हणून काही हलतात. फार हलणारा दात निखळून श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून तो काढावा लागतो. न हलणारा दात ठेवला तरी चालतो. मात्र त्याची धार जिभेखाली घासून व्रण होत असेल, तर दंतवैद्य ती धार गुळगुळीत करून देतात. दात काढायचा झालाच, तर बाळाला जन्मतः 'क' जीवनसत्त्वाचं नव्हे, 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळालंय का, हे आधी विचारतात. रक्त गोठण्यासाठी ते लागतं आणि नवजात बाळाकडे त्याचा साठा अगदी तुटपुंजा असतो. जन्मानंतर मांडीत दिली जाणारी एक मिलिग्रॅमची ती सुई यासाठीच असते. तिची नोंद डिस्चार्ज कार्डावर आहे ना, एवढं घरी येण्याआधी पाहून घ्यावं.

३. नॉयमान यांनी पाहिलेली गाठ

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. दाणा नाही, दातही नाही. हिरडीवरून उगवलेला मांसल गोळा आहे.

1871 मध्ये क्योनिग्सबर्ग या तेव्हाच्या जर्मन शहरात (आज ते कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे) फ्रान्झ अर्न्स्ट ख्रिस्तियान नॉयमान या विकृतिशास्त्रज्ञाने अशा गाठीचं वर्णन प्रसिद्ध केलं. रक्तपेशी हाडांच्या मज्जेत तयार होतात, हे 1868 मध्ये सांगणारे नॉयमान हेच. त्यांनी वर्णन केलेल्या गाठीला आज डॉक्टर 'कन्जेनिटल एप्युलिस' म्हणतात, म्हणजे हिरडीवरची जन्मजात गाठ. रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलर सेल' असे शब्दही दिसतील. त्यांचा अर्थ थोड्या वेळाने पाहू.

ही गाठ खालच्यापेक्षा वरच्या हिरडीवर दोन-तीन पटींनी जास्त आढळते. ती सहसा मधोमध नसते. पुढच्या मधल्या दाताच्या बाजूचा दात आणि सुळा जिथे येणार असतो, त्या जागी ती उगवते. आकार काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत असू शकतो. नऊ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींच्याही नोंदी आहेत. बहुतेक बाळांना एकच असते, दहातल्या एखाद्याला एकाहून जास्त. रंग हिरडीसारखाच गुलाबी किंवा थोडा लालसर, पृष्ठभाग गुळगुळीत, हाताला घट्ट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिची बैठक. घडातला द्राक्षाचा मणी बारीक देठाला लटकलेला असतो, तशी ही गाठ पुष्कळदा हिरडीला एका देठाने जोडलेली असते. बाहेरून गोळा कितीही मोठा दिसला, तरी हिरडीशी तिचा संबंध तेवढ्या देठापुरता असतो. हाडात ती शिरत नाही. काही गाठींना देठाऐवजी रुंद बूड असतं, तेही हिरडीच्या मऊ भागातच.

सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीत मोठ्या, गोलसर पेशी दाटीने बसलेल्या दिसतात. प्रत्येक पेशीत बारीक कण ठासून भरलेले असतात. 'ग्रॅन्युलर', म्हणजे कणयुक्त, हे नाव त्यावरून आलं. मोठ्या माणसांतही, विशेषतः जिभेवर, कणयुक्त पेशींची एक गाठ होते. मॉस्कोच्या अब्रिकोसोव्ह यांनी 1926 मध्ये तिचं वर्णन केलं. पुष्कळ वर्षं या दोन्ही गाठी एकच समजल्या जात. पण मोठ्यांची गाठ मज्जातंतूंच्या आवरणातल्या पेशींपासून होते आणि तिच्यात 'एस-100' नावाचं प्रथिन सापडतं. बाळाच्या गाठीत ते सापडत नाही. म्हणून प्रयोगशाळा ती तपासणी मुद्दाम करते आणि रिपोर्टवर 'एस-100 निगेटिव्ह' असं लिहिलेलं असतं. 'निगेटिव्ह' या शब्दाने घाबरायचं कारण नाही. ही बाळाचीच नेहमीची गाठ आहे, एवढंच त्यातून कळतं.

४. नाशिक जिल्ह्याचा हिशेब

"आमच्या डॉक्टरीणबाईंनीही असं कधी पाहिलं नव्हतं," असं नातेवाईक नाराजीने सांगतात. त्यात डॉक्टरीणबाईंचा दोष नाही. आकडे मांडून पाहा.

2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या साधारण 61 लाख होती. महाराष्ट्राचा अलीकडचा जन्मदर हजार माणसांमागे वर्षाला साधारण 15. म्हणजे 61 लाखांमागे वर्षाला अंदाजे साडेएक्याण्णव हजार जन्म. हिरडीवरच्या या गाठीचं प्रमाण एका अंदाजानुसार दहा लाख जन्मांत सहा. गुणाकार केला तर उत्तर येतं अर्ध्याहून किंचित जास्त. मालेगावपासून इगतपुरीपर्यंत आणि सुरगाण्यापासून येवल्यापर्यंतची सगळी प्रसूतिगृहं एकत्र धरली, तरी सरासरीने दोन वर्षांत जेमतेम एक बाळ. याच हिशेबाने दात घेऊन जन्मणारी बाळं वर्षाला तीस ते पंचेचाळीस निघतात. एखाद्या ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका तीस वर्षांच्या नोकरीत दात असलेली बाळं पाहील, पण ही गाठ कदाचित एकदाही पाहणार नाही.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ही गाठ मुलांपेक्षा मुलींना आठ ते दहा पट जास्त होते. नऊ बाळं असतील तर त्यांतल्या आठ मुली. मुलगी झाली म्हणून जिथे आधीच तोंडं उतरतात, अशा घरात पहिल्याच दिवशी तिच्या ओठांतून गोळा बाहेर आलेला दिसला, तर त्या आईवर काय गुजरतं हे वेगळं सांगायला नको. म्हणून हे वाक्य सासरच्या प्रत्येक माणसाने वाचावं: गाठ काढल्यावर चेहऱ्यावर कसलीही खूण राहत नाही. ओठ कापला जात नाही, जबडा वाकडा होत नाही, मुलीच्या बोलण्यावर किंवा हसण्यावर परिणाम होत नाही.

५. आईने काय केलं म्हणून हे झालं?

काहीच केलं नाही. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, उंबऱ्यावर बसली, यातलं काहीही या गाठीला कारण नाही. ती घराण्यात चालत आल्याचं दिसत नाही. बाळाच्या शरीरात सहसा दुसरा कुठला दोषही नसतो.

नेमकं कारण वैद्यकशास्त्राला सापडलेलं नाही. मुलींमध्ये जास्त दिसते आणि जन्मानंतर वाढ थांबते, या दोन गोष्टींवरून आईच्या शरीरातल्या संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, काही हात असावा असं अनेकांना वाटलं. तर्क चांगला आहे. पण संप्रेरकाला पेशीवर काम करायचं तर त्याला धरून ठेवणारी जागा पेशीत असावी लागते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्यासाठीच्या तशा जागा या गाठीत शोधल्या, तेव्हा त्या सापडल्या नाहीत. ही खरी अनियंत्रित गाठ आहे की वाढताना झालेली एक तात्पुरती सूज, यावरही तज्ज्ञांत दोन मतं आहेत. तिचं वागणं पाहता दुसऱ्या मताकडे माझा कल आहे, कारण पुढे पाहू तशी ती कधीकधी आपोआप आक्रसते.

"मग सोनोग्राफीत का नाही दिसली?" हाही नेहमीचा प्रश्न. बाळाचे अवयव पाहण्याची मोठी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत होते. ही गाठ बहुधा शेवटच्या तिमाहीत वाढते. त्या काळात सोनोग्राफी झाली आणि बाळाचा चेहरा समोर आला, तर ती दिसू शकते. कधी एक आडवळणाचा पुरावाही मिळतो. पोटातलं बाळ गर्भजल सतत गिळत असतं. तोंडात मोठी गाठ असेल तर गिळणं कमी होतं आणि गर्भजल वाढतं. आधी कळलं तर एक फायदा नक्की होतो: नवजात बाळांचे तज्ज्ञ हजर असतील अशा ठिकाणी बाळंतपण ठरवता येतं.

६. आधी श्वास, मग दूध

गाठ कसली आहे हा प्रश्न नंतरचा. पहिल्या तासात दोनच गोष्टी पाहायच्या: बाळ श्वास नीट घेतंय का आणि दूध पिऊ शकतंय का. गाठीचा आकार आणि धोका यांचं प्रमाण सरळ नसतं. बाहेर लोंबणारी मोठी गाठ कमी त्रास देईल आणि घशाकडे झुकलेली लहान गाठ जास्त देईल, असं होऊ शकतं.

श्वासाच्या बाबतीत निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. नवजात बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. त्यांचा स्वरयंत्राचा भाग मोठ्यांपेक्षा बराच वर असतो, म्हणून त्यांना दूध ओढता ओढता श्वासही घेता येतो. त्यामुळे तोंड गाठीने भरलेलं दिसलं तरी नाकाची वाट मोकळी असते आणि बाळ गुलाबी राहतं. तरी लक्ष ठेवायचंच. छाती उघडी करा, हातात घड्याळ घ्या आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चूक होते. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणं, कण्हल्याचा आवाज, ओठ किंवा जीभ निळसर होणं, यांपैकी काहीही दिसलं तर थांबायचं नाही, बाळाला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

दुधाचं गणित थोडं वेगळं. स्तनपान करताना बाळाचे ओठ स्तनाभोवती घट्ट मिटावे लागतात, तरच ओढ तयार होते. मधे गोळा आला की हवा आत शिरते, चुकचुक आवाज येतो आणि बाळ थकून सोडून देतं. तरीही आधी अंगावर लावून पाहावं. स्तन मऊ असतो, तो गाठीभोवती जुळवून घेतो. लहान गाठ असलेली कितीतरी बाळं नीट पितात. बाटलीचं निपल मात्र जुळवून घेत नाही, म्हणून घाईने बाटली आणू नये.

अंगावर जमत नसेल तर आईने हाताने दूध काढायचं. पहिल्या दिवसांचा पिवळसर, घट्ट चीक थेंबभरही वाया घालवू नये. तो उकळून घेतलेल्या वाटीत धरायचा आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचा. पद्धत अशी: बाळ पूर्ण जागं असावं, मांडीवर बऱ्यापैकी उभं धरावं, मानेला हाताचा आधार द्यावा. बोंडल्याची चोच गाठीच्या विरुद्ध बाजूने खालच्या ओठाला टेकवावी आणि बाळाला स्वतः चाटू-गिळू द्यावं. ओतायचं नाही. एक घोट उतरला की थांबायचं, मग पुढचा.

किती द्यायचं? रुग्णालयात पूर्ण दिवसांच्या बाळासाठी पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे साधारण 60 मिलिलिटर असा हिशेब धरतात आणि पुढे रोज थोडं वाढवतात. अडीच किलोच्या बाळाला दिवसाचे 150 मिलिलिटर. दर दोन तासांनी, म्हणजे बारा वेळा पाजलं, तर एका वेळी साडेबारा मिलिलिटर, अडीच चमचे. आकडा डॉक्टर ठरवतील, पण एका वेळचं प्रमाण किती छोटं आहे हे आईला कळलं तर तिचा धीर वाढतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, तर दूध पुरतंय असं समजावं. वाटीनेही जमेना तर नाकातून पोटात बारीक नळी घालून दूध देतात. ती तात्पुरती असते.

या काळात गुटी, मध, साखरपाणी काहीही नको. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाला त्यांच्यापासून स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. चामखिळीला घोड्याचा केस किंवा दोरा बांधून ती पाडण्याची रीत आपल्या खेड्यांत आहे. हिरडीच्या गाठीला देठ दिसतो, म्हणून ती कल्पना सुचू शकते. कधीही करू नका. देठातून रक्तवाहिनी गेलेली असते. रक्त थांबलं नाही तर एवढ्याशा बाळाला तोटा सोसत नाही, आणि तुटलेला तुकडा घशात गेला तर श्वास कोंडतो.

७. पाड्यापासून शहरापर्यंत

समजा, पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर घरीच बाळंतपण झालं. आशाताई पहिल्याच दिवशी येतात, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. (दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर पहिली भेट तिसऱ्या दिवशी.) घरोघरी जाऊन नवजात बाळाला तपासण्याची ही पद्धत महाराष्ट्रातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली आणि नंतर ती देशभर गेली. त्यामुळे गाठ पहिल्यांदा आशाताईंनाच दिसण्याची शक्यता मोठी आहे.

अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष आणि आजार शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या शेजारच्या पालघरमधूनच सुरू झाला. आजारी अर्भकाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार, औषधं आणि वाहन देणारा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. गाडीसाठी 102, जिवाची घाई असेल तर 108. पेठहून नाशिक पन्नासेक किलोमीटर, घाटाचा रस्ता. निघण्याआधी बाळाला पाजून घ्यावं. वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीला बिलगून, वरून शाल घेऊन, म्हणजे अंग गार पडत नाही. मान मोकळी, चेहरा दिसत राहील असा.

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष आहे. आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. गुंतागुंत असेल तर मुंबईत परळचं वाडिया बाल रुग्णालय. तिथे गेल्यावर विचारायचं ते बालशल्यचिकित्सकांना, म्हणजे लहान मुलांच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना. बाळाच्या तोंडाचं काम ते आणि बालदंतवैद्य मिळून करतात.

८. सगळ्या गाठी सारख्या नसतात

डॉक्टर गाठ पाहून लगेच नाव सांगत नाहीत, याचं कारण दुसऱ्या शक्यता आधी बाजूला काढाव्या लागतात. जिभेखाली निळसर, पारदर्शक फुगा असेल तर तो लाळेने भरलेला असतो. लालभडक, दाबल्यावर फिकी पडणारी गाठ रक्तवाहिन्यांची असू शकते. ती जन्मानंतर काही आठवड्यांत उलट वाढते. 2008 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांना प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या जुन्या औषधाने अशा गाठी आटतात हे आढळलं, तेव्हापासून त्यांचे उपचार पुष्कळ सोपे झाले.

सावध राहायचं ते दोन प्रकारांबाबत. एक, टाळूतून किंवा घशातून उगवलेली, आत अनेक प्रकारच्या ऊती असलेली मोठी गाठ. ती श्वासाची वाट बंद करू शकते. सोनोग्राफीत आधी कळली, तर सिझेरियन करताना बाळाची नाळ न कापता, आईच्या रक्तावर बाळ जगत असतानाच त्याच्या श्वासनलिकेत नळी घालतात. दुसरी, वरच्या जबड्यात पुढे, निळी-काळपट, जन्मानंतरच्या काही महिन्यांत दिसणारी आणि आठवड्या-आठवड्याने भरभर वाढणारी गाठ. तीही बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, पण हाड पोखरते, दाताचे अंकुर ढकलते आणि काढल्यावर पुन्हा येऊ शकते. म्हणून जन्मानंतर वाढणारी, काळपट पडणारी किंवा हाडाला चिकटलेली गाठ कधीही "बघू महिनाभर" म्हणून घरी ठेवायची नाही. तिथे सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो.

९. कापायची की थांबायचं

नॉयमानची गाठ लहान असेल, बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, तर थांबता येतं. जन्मानंतर ती वाढत नाही आणि काही बाळांत महिन्यागणिक आक्रसत जाऊन नाहीशी झाल्याच्या नोंदी आहेत. दूध पिणं अडत असेल किंवा श्वासाचा धोका असेल, तर ती पहिल्या काही दिवसांतच काढतात.

शस्त्रक्रिया छोटी असते. बारीक देठाची गाठ कधीकधी फक्त जागा बधिर करून निघते. मोठ्या गाठीसाठी पूर्ण भूल द्यावी लागते, आणि अशा वेळी श्वासाची नळी घालणं हेच भूलतज्ज्ञाचं सगळ्यात अवघड काम असतं, कारण गाठ वाटेतच असते. म्हणून नवजात बाळांना भूल देण्याचा अनुभव असलेलं ठिकाण निवडावं. देठ हिरडीलगत कापतात, रक्त थांबवतात, गरज पडली तर विरघळणारे एक-दोन टाके घालतात. कर्करोगाच्या गाठीत आजूबाजूचा निरोगी भागही काढावा लागतो. इथे तसं करायचं नसतं. देठाचा थोडा अंश राहिला तरी ही गाठ पुन्हा येत नाही, आणि खोल कापलं तर खालच्या दाताच्या अंकुराला इजा होते. बहुतेक बाळं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अंगावर पिऊ लागतात.

काढलेली गाठ तपासायला पाठवलीच पाहिजे, मग ती डोळ्यांना कितीही साधी दिसो. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. आला की त्याची एक प्रत लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवावी, कारण पुढे दंतवैद्याला ती लागेल. सहा महिन्यांच्या आसपास खालचे पुढचे दात येतील. वरचे बाजूचे दात नऊ-दहा महिन्यांनी आणि सुळे सोळा ते अठरा महिन्यांच्या सुमाराला येतात. गाठ ज्या जागी होती, तिथला दात क्वचित उशिरा येतो, लहान राहतो किंवा येतच नाही. दुसऱ्या बाजूचा जोडीचा दात येऊन सहा महिने झाले आणि गाठीच्या जागेचा दात तरीही दिसत नसेल, तर मुलीला बालदंतवैद्याकडे न्यावं. एका छोट्या एक्स-रेमध्ये हिरडीखाली दात आहे की नाही ते कळतं.